जोडीदाराच्या हिंसेवर सर्वेक्षण: प्रश्न कसे विचारायचे आणि उत्तर 'हो' आलं तर काय करायचं?

निरंजना

स्त्रियांच्या आरोग्यावरच्या एका घरोघरच्या सर्वेक्षणात जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचा एक भाग घालायचा आहे. साधारण ६०० घरं, १८ वर्षांवरच्या स्त्रिया, समोरासमोर मुलाखत. मसुद्यात सध्या एकच प्रश्न आहे: 'तुमच्यावर कधी कौटुंबिक हिंसा झाली आहे का?' त्याखाली 'असल्यास स्वरूप लिहा' अशी मोकळी ओळ.

तीन शंका आहेत. एवढ्या एका प्रश्नावर खरं उत्तर मिळेल का? घरातलं कुणी शेजारी येऊन बसलं तर? आणि एखादी 'हो, काल रात्रीच' म्हणाली, तर मुलाखत घेणारीने त्या क्षणी नेमकं काय करायचं? ज्यांनी या विषयात काम केलंय त्यांनी तपशिलात लिहा. प्रश्नांचे शब्द, क्रम, काय बिघडतं आणि का, हे हवंय.

मोजमाप

पहिल्या शंकेपुरतं सांगतो: नाही मिळणार. प्रश्नातून 'हिंसा' हा शब्दच काढून टाका. जिला दर आठवड्याला थोबाडीत बसते, तीही आपल्या घरात हिंसा होते असं म्हणेलच असं नाही. तिच्या लेखी हिंसा म्हणजे हाड मोडणं. 'छळ', 'अत्याचार' या शब्दांचंही तेच, प्रत्येकीची रेघ वेगळ्या जागी. म्हणून कृती विचारायची. तिला नाव आपण नंतर, विश्लेषणात द्यायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने १० देशांतल्या १५ ठिकाणी २४,००० हून अधिक स्त्रियांशी बोलून जो अभ्यास केला (अहवाल २००५चा), त्याची प्रश्नावली याच पायावर उभी आहे. शारीरिक हिंसेचे सहा प्रश्न, सौम्य ते गंभीर अशा चढत्या क्रमाने:

थोबाडीत मारली किंवा लागेल अशी वस्तू फेकली का. ढकललं, धक्का दिला किंवा केस ओढले का. बुक्की मारली किंवा लागेल अशा वस्तूने मारलं का. लाथ मारली, फरफटत नेलं किंवा बदडून काढलं का. मुद्दाम गळा दाबला किंवा भाजलं का. चाकू, बंदूक किंवा दुसरं हत्यार उगारलं किंवा वापरलं का.

लैंगिक हिंसेचे तीन प्रश्न: जबरदस्तीने संबंध ठेवले का; नको म्हटलं तर तो काय करील या भीतीने संबंध ठेवावे लागले का; अपमानास्पद वाटेल असं काही करायला लावलं का. यातला मधला प्रश्न कधीही गाळू नका. 'जबरदस्ती' एवढंच विचारलं तर अंगाला हात न लावता, नुसत्या धाकाने घडलेलं सगळं हातातून निसटतं.

प्रत्येक 'हो'वर तीन उपप्रश्न: कधीतरी, की गेल्या १२ महिन्यांत? एकदा, काही वेळा की अनेकदा? सध्याचा जोडीदार की आधीचा? शेवटचा विसरला की वेगळ्या झालेल्या बायका आकडेवारीतून गळतात, आणि सर्वात जास्त सोसून बाहेर पडलेल्या त्याच असण्याची शक्यता असते.

'स्वरूप लिहा' ही मोकळी ओळ काढा. तिथे मुलाखत घेणारी आपल्या शब्दांत सारांश लिहिते, आणि 'नेहमीची भांडणं' असं काहीतरी कागदावर उतरतं.

पद्धतीने किती फरक पडतो याचं उदाहरण निकाराग्वाचं. नव्वदच्या दशकात तिथे झालेल्या तीन अभ्यासांत जोडीदाराकडून कधीतरी शारीरिक हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २८ टक्क्यांपासून ६९ टक्क्यांपर्यंत आलं. अभ्यासकांनी तिन्ही शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांचं प्रशिक्षण, एकांत, बोलायला दिलेल्या संधी आणि सुरक्षिततेची काळजी या गोष्टी पुढे आल्या. नैतिकतेचे नियम पाळले की आकडा कमी येईल असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात आकडा कमी येतो तो ते न पाळल्याने.

अबोली_क्षेत्रकार्य

'मोजमाप' यांनी प्रश्न दिलेत, मी उंबरठ्यापासून सुरुवात करते. जागतिक आरोग्य संघटनेची २००१ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं आजही याचा कणा आहेत.

अभ्यासाचं नाव दारात कधीही 'हिंसेचं सर्वेक्षण' असं घ्यायचं नाही. त्या बहुदेशीय अभ्यासाचं बाहेरचं नाव 'स्त्रियांचं आरोग्य आणि जीवनानुभव' असं होतं. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना तेवढंच. बाईला मात्र, ती एकटी असताना आणि तो भाग सुरू होण्याआधी, पुन्हा सांगायचं: 'आता काही प्रश्न नात्याबद्दल आहेत, काही खासगी आहेत, कुठलाही सोडून देऊ शकता, कुठेही थांबू शकता.' संमती अशी दोनदा घ्यायची.

एका घरातून एकाच बाईची निवड करा. दोघींना तेच प्रश्न विचारले की संध्याकाळी दोघी बोलतात, आणि विषय काय होता हे घरभर होतं. त्याच कारणाने त्याच वस्तीत पुरुषांना हिंसा करण्याबद्दलचे प्रश्न विचारू नका, त्यांचा नमुना वेगळ्या वस्तीतून घ्या.

एकांत म्हणजे नजरेआड नव्हे, कानाआड. दोन वर्षांखालचं मूल चालतं, त्याहून मोठं नको. चार वर्षांचं पोर रात्री सगळं जसंच्या तसं बोलून दाखवतं. कुणी आत आलं तर काय करायचं हे आधी ठरवून, तालीम करून ठेवा: प्रश्नावलीत पाळी किंवा आहाराच्या प्रश्नांचं एक बिनधोक पान ठेवायचं, पाऊल वाजलं की तिथे उडी. बाईलाही सुरुवातीलाच सांगायचं, 'कुणी आलं तर मी विषय बदलेन, घाबरू नका.' टॅबवर काम असेल तर एका स्पर्शाने ते पान उघडेल अशी सोय करून घ्या, मागे जाण्याचं बटण शोधण्यात चार सेकंद जाता कामा नयेत. एकांत मिळतच नसेल तर तो भाग सोडा आणि 'एकांत नव्हता' असं संकेतांकाने नोंदवा. नकार आणि एकांताचा अभाव एकाच खान्यात टाकू नका.

प्रशिक्षण दोन दिवसांत उरकू नका. त्या बहुदेशीय अभ्यासात ते साधारण तीन आठवड्यांचं होतं. आकडे भरायला शिकण्यात फार वेळ जात नाही. वेळ जातो तो मुलाखत घेणाऱ्यांची स्वतःची मतं उलगडण्यात. 'तिनेही काहीतरी केलंच असेल' हे मनात असलं की ते भुवईतून दिसतं, आणि पुढचं उत्तर 'नाही' येतं. शिवाय मुलाखत घेणारी त्याच वस्तीतली नसावी. ओळखीच्या माणसाला बाई हे सांगत नाही, आणि सांगितलं तर दोघींचीही पंचाईत.

निरंजना

खूप उपयोगी. दिवसाला किती मुलाखती धराव्यात? आणि ६०० पुरेत का?

अबोली_क्षेत्रकार्य

एकीला दिवसाला तीन, फार तर चार. त्याहून जास्त झाल्या की शेवटची मुलाखत नुसते 'नाही'चे खाने भरून उरकली जाते. रोज संध्याकाळी अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसायचं, त्या दिवशी काय ऐकलं ते बोलायचं, आणि बाहेरची समुपदेशक आठवड्यातून एकदा. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. तो नसेल तर मुली काम मध्येच सोडतात किंवा ऐकणं बंद करतात. दुसरं जास्त वाईट, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मोजमाप

६०० चं गणित असं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजांनुसार, जोडीदार असलेल्या किंवा कधी होता अशा १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण २७ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी जोडीदाराची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, गेल्या १२ महिन्यांत साधारण १३ टक्के. तुमच्याकडेही १३ टक्केच येतील असं नाही, पण अदमासाला धरू. ६०० मध्ये १३ टक्के म्हणजे ७८ स्त्रिया. नमुन्यामुळे येणारी संभाव्य चूक दोन्ही बाजूंना साधारण २.७ टक्केबिंदू, आणि घरं गटागटाने निवडली असतील तर ३.३ च्या आसपास. एकूण प्रमाण सांगायला हे ठीक. वयोगट, शिक्षण, मुलांची संख्या अशा चिरफाळ्या केल्यात की एकेका खान्यात आठ-दहा बायका उरतील. ते करू नका. त्यात ओळख पटण्याचाही धोका आहे.

आणखी दोन गोष्टी. घरातून एकच बाई निवडली की मोठ्या कुटुंबातल्या बाईची निवड होण्याची शक्यता कमी होते, म्हणून विश्लेषणात तिच्या उत्तराला भार द्यावा लागतो: त्या घरात पात्र स्त्रिया किती, तेवढ्या पटीने. दुसरं, दर आठवड्याला प्रत्येक मुलाखतकर्तीनुसार 'हो'चं प्रमाण काढा. बाकीच्यांकडे १५ टक्के आणि एकीकडे २ टक्के येत असेल तर तिची वस्ती नशीबवान आहे असं समजू नका. तिच्याबरोबर एक दिवस बसा.

मानसिक छळाचे चार प्रश्न जरूर विचारा: अपमान, चारचौघांत पाणउतारा, मुद्दाम घाबरवणं, तुम्हाला किंवा जवळच्या माणसाला इजा करण्याची धमकी. पण त्यांची बेरीज शारीरिक-लैंगिक आकड्यात करू नका. एकदा अपमान झालेली आणि रोज धाकात जगणारी एकाच खान्यात पडतात, आणि मग तो आकडा कशाचाच राहत नाही. वर दिलेल्या जागतिक आकड्यांतही तो धरलेला नाही.

समांतर

इथे एक मुद्दा मांडतो. संघर्ष-डावपेच मापनश्रेणी (भांडणात जोडप्यातलं कोण काय करतं हे मोजणारी प्रश्नावली), जी समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७९मध्ये मांडली आणि १९९६मध्ये सुधारली, ती वापरलेल्या अनेक अभ्यासांत स्त्री आणि पुरुष जवळपास सारख्याच प्रमाणात मारतात असं दिसतं. मग फक्त स्त्रियांनाच विचारणं एकांगी होत नाही का? पुरुषांवरही आणि समलिंगी जोडप्यांतही हिंसा होते.

मोजमाप

होते, आणि त्यांना मदत मिळणं स्त्रियांइतकंच अवघड, काही ठिकाणी जास्त अवघड असतं. पण तो समसमान आकडा कुठून येतो ते पाहू.

त्या श्रेणीची प्रस्तावना 'मतभेद झाले की जोडपी ते कसे सोडवतात' अशी आहे. भांडणाशिवाय, निव्वळ धाक बसवायला केलेली मारहाण उत्तर देणाऱ्याला तिथे आठवेलच असं नाही. मूळ आवृत्तीत इजेची मोजणी नव्हती, ती १९९६च्या आवृत्तीत आली. तीत ३९ गोष्टी, प्रत्येक 'मी केलं' आणि 'जोडीदाराने केलं' अशा दोन बाजूंनी, एकूण ७८ प्रश्न आहेत. कोण कुणाला घाबरतं हे मात्र तीतही मध्यवर्ती नाही. स्वतःला सोडवून घेण्यासाठी दिलेला धक्का आणि कोंडून दिलेला धक्का, दोन्हींचा एकेकच गुण.

समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५मध्ये याची उकल मांडली. दोन निराळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जात होत्या. एक, प्रसंगापुरती हिंसा: वाद चिघळतो, दोघांपैकी कुणीही हात उचलतं, नियंत्रणाचा कायमचा साचा नसतो. दुसरी, नियंत्रणासाठीची दहशत: पैसा, फोन, माहेर, मैत्रिणी, झोप, कपडे या सगळ्यावर पहारा, आणि मारहाण हे त्यातलं एक हत्यार. सर्वसाधारण लोकसंख्येच्या सर्वेक्षणात पहिला प्रकार जास्त सापडतो, आसरागृहं आणि पोलिसांच्या नोंदींत दुसरा. त्यामुळे दोन्ही बाजूंचे अभ्यासक आपापल्या आकड्यांशी प्रामाणिक राहूनही एकमेकांशी भांडत राहिले.

निरंजना, तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की कृतींच्या प्रश्नांआधी नियंत्रणाचे प्रश्न ठेवा. मैत्रिणींना भेटू देत नाही का, माहेरच्यांशी संपर्क तोडतो का, कायम कुठे आहेस ते विचारतो का, दुसऱ्या पुरुषाशी बोललं की संतापतो का, सतत संशय घेतो का, दवाखान्यात जायला परवानगी लागते का. आणि शेवटी एक साधा प्रश्न: 'तुम्हाला त्यांची भीती वाटते का? कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, कायम?' या एका प्रश्नाने विश्लेषणात दोन्ही प्रकार बरेच वेगळे होतात.

समांतर

भीतीच्या प्रश्नाचा मुद्दा पटला. पुरुषांचा नमुना घेतला तरी तोच प्रश्न दोघांना विचारता येईल.

मोजमाप

हो, नक्की. फक्त वेगळ्या वस्तीत.

दवाखाना_नोंदी

तिसरी शंका अजून कुणी घेतली नाही, म्हणून लिहिते. 'हो, काल रात्रीच' असं आलं की काय करायचं.

प्रथम, तिने कदाचित हे आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल. वरच्याच बहुदेशीय अभ्यासात काही ठिकाणी मार खाल्लेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी त्याआधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे पुढची दोन मिनिटं ही त्या बाईच्या दृष्टीने पहिली मदत असते, तुम्ही संशोधक असलात तरी.

आरोग्यसेवकांसाठी जी पाच पावलं सांगितली जातात, ती इथेही चालतात. लक्ष देऊन ऐका. तिला आत्ता कशाची गरज आणि काळजी आहे ते विचारा. तिचं खरं मानता हे शब्दांत सांगा. सुरक्षिततेबद्दल विचारा. पुढच्या मदतीशी जोडून द्या. तिसरं पाऊल सगळ्यात जास्त वेळा गाळलं जातं. मनात सहानुभूती असते, तोंडून मात्र 'बरं, पुढचा प्रश्न' येतो. वाक्यं पाठ करून ठेवा: 'हे तुमच्यामुळे झालेलं नाही.' 'सांगितलंत ते बरं केलंत.' 'असं वागणं कुणाच्याही वाट्याला येता कामा नये.'

काय म्हणायचं नाही: 'मग सोडून का देत नाही?', 'मुलांचा विचार करा', 'मी त्यांच्याशी बोलून पाहू का?' तिसरं तर सरळ धोक्याचं आहे. तिने बाहेर बोललं हे त्याला कळतं, आणि शिक्षा तिला होते.

गळा दाबल्याचं सांगितलं तर ते वेगळं वागवा. अमेरिकेतल्या ३०० प्रकरणांच्या २००१मधल्या तपासणीत निम्म्या प्रकरणांत मानेवर दिसणारी एकही खूण नव्हती. खूण नाही म्हणून इजा नाही असं नसतं. विचारायचं ते हे: आवाज बदलला का, गिळताना दुखतं का, डोळ्यांसमोर अंधारी आली का, शुद्ध हरपली का, कपड्यांतच लघवी झाली का, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके आहेत का. मानेतल्या रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर पक्षाघात काही दिवसांनीही येऊ शकतो, म्हणून बाई बरी दिसत असली तरी तपासणी त्याच दिवशी. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आधी कधी गळा दाबला गेलेल्या स्त्रीचा पुढे जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक आढळली.

दवाखान्यात नोंद करताना: तिचे शब्द अवतरणात. 'रुग्णाने सांगितले' असं लिहा, 'रुग्णाचा आरोप आहे' असं नको. दुसऱ्यात लिहिणाऱ्याचा अविश्वास शिरतो आणि तो पुढे न्यायालयात वाचला जातो. शरीराच्या आकृतीवर प्रत्येक इजेची जागा, सेंटीमीटरमध्ये माप. छायाचित्रं तीन अंतरांवरून: चेहऱ्यासह, भाग ओळखू येईल असं, आणि मोजपट्टी ठेवून जवळून. एक-दोन दिवसांनी पुन्हा काढा, वळ उशिरा उमटतात. रंगावरून वळ किती दिवसांचा हे मात्र लिहू नका, ते विश्वासार्ह नाही. आणि तिने घरी न्यायच्या कागदावर यातलं काहीही नको.

निरंजना

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला हे विचारावं का, असाही एक प्रस्ताव आमच्यापुढे आहे.

दवाखाना_नोंदी

यावर तज्ज्ञांत एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या शिफारशी सरसकट विचारपूस करायला सांगत नाहीत. इजा, गर्भारपणातल्या तक्रारी, दीर्घकाळची वेदना, नैराश्य अशी कारणं दिसली तर विचारा असं म्हणतात. अमेरिकेत २०१८ची शिफारस प्रजननक्षम वयाच्या सगळ्या स्त्रियांना विचारायच्या बाजूने आहे. २०१२मध्ये शिकागोत २,७०० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत संगणकावर विचारपूस आणि हाती मदतसंस्थांची यादी, एवढ्याने वर्षभरात आयुष्याच्या गुणवत्तेत काही फरक पडला नाही.

माझं मत: मागे माणूस उभं नसेल तर विचारू नका. एकांताची खोली, प्रशिक्षित परिचारिका, आणि त्याच इमारतीत किंवा फोनवर त्याच दिवशी भेटणारी समुपदेशक, ही तीन नसताना प्रश्न विचारणं म्हणजे तिला उघडं करून तसंच सोडून देणं.

सावली_समुपदेशन

यादी हातात देऊन काही होत नाही, याला पूर्ण दुजोरा. ती यादी घरी सापडली तर उलट होतं.

सुरक्षा आराखड्याबद्दल थोडं लिहिते, कारण संशोधकही इथे चुकतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'बाहेर पड' हाच एक सल्ला देणं. जॅकलिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या, अमेरिकेतल्या ११ शहरांच्या अभ्यासात अतिनियंत्रण करणाऱ्या जोडीदारापासून वेगळं होणं हा खुनाचा धोका जवळपास नऊपट वाढवणारा घटक निघाला, आणि त्याच्या हाताशी बंदूक असणं पाचपटीहून अधिक. म्हणजे निघण्याचे दिवस सर्वात धोक्याचे. निघू नये असा याचा अर्थ नाही. तयारीशिवाय, त्याला सांगून, भांडणाच्या भरात निघू नये.

खुनाचा धोका किती हे पाहणारं कॅम्पबेल यांचं धोका-मूल्यमापन २० प्रश्नांचं आहे. आधी दिनदर्शिका समोर ठेवून गेल्या वर्षातल्या मारहाणीच्या तारखा आणि तीव्रता तिलाच खूण करायला सांगतात. ही पायरी वेळ वाचवायला गाळू नका. 'अधूनमधून' म्हणणारी बाई तारखा लावताना स्वतःच थांबते, कारण महिन्याकाठचं अंतर आठवड्यावर आलेलं तिला दिसतं. मग गुण: ८ पेक्षा कमी, ८ ते १३, १४ ते १७, १८ आणि वर, असे चढते टप्पे. कमी गुण आले म्हणजे सुरक्षित असं कधीच सांगायचं नाही, धोका बदलता असतो. उलट ती म्हणत असेल की 'या वेळी तो मारून टाकील', तर गुण कितीही असोत, तिचं खरं धरा. मात्र ती 'काही नाही होत' म्हणाली तर गुण बघा. त्याच अभ्यासात खून झालेल्या किंवा खुनाच्या प्रयत्नातून वाचलेल्या स्त्रियांपैकी साधारण निम्म्याच जणींना धोक्याची खरी कल्पना होती.

आराखडा तिच्या घराच्या नकाशावर करा. भांडण पेटताना कुठल्या खोलीत थांबायचं नाही (स्वयंपाकघर, न्हाणीघर, एकच दार असलेली खोली). मुलांना फक्त दोन गोष्टी शिकवायच्या: मध्ये पडायचं नाही, आणि कुठल्या घरी पळायचं. ओळखपत्रं आणि मुलांचे दाखले यांच्या प्रती, रोजची औषधं, थोडी रोकड विश्वासातल्या माणसाकडे. कागद मूळ न्यायचे तर शेवटच्या दिवशी, आधी हलवले तर कपाट उघडताच त्याला कळतं. एक सांकेतिक वाक्य, जे फोनवर त्याच्यासमोर बोललं तरी चालेल.

जाळे_निर्धास्त

फोनचं मी जोडतो. हेरगिरीचं ॲप सापडलं की लगेच काढून टाकायची घाई होते. काढलं की त्याच्याकडची माहिती बंद होते, आणि त्याला कळतं. आधी सुरक्षित जागा, मग फोनची सफाई. तोवर मदतीचा शोध मैत्रिणीच्या किंवा वाचनालयाच्या यंत्रावर. सगळा इतिहास पुसणं हीसुद्धा खूण असते, फक्त नेमक्या नोंदी पुसा.

तपासायच्या जागा: नकाशावरचं ठिकाण-वाटप, कुटुंबाचं सामाईक खातं, छायाचित्रांची आपोआप होणारी साठवण, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला क्रमांक कुणाचा, बिलात येणारी कॉलची यादी, पर्स किंवा गाडीत टाकलेला छोटा मागकाढू टॅग, मुलांच्या खेळण्यात किंवा घड्याळात दडवलेलं असंच काही. नवं ईमेल उघडायचं ते नव्या यंत्रावर, जुन्या फोनवर एकदाही नाही. धमक्यांचे संदेश पुसू नका, तारीख आणि क्रमांक दिसेल असं चित्र काढून बाहेरच्या माणसाकडे ठेवा.

समांतर

पोलिसांनी लगेच अटक करणं, किंवा दोघांना एकत्र बसवून समेट, यांचं काय? संशोधन काय म्हणतं?

सावली_समुपदेशन

अटकेवर अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा प्रयोग प्रसिद्ध आहे, १९८१-८२, ३१४ प्रकरणं. अटक, काही तास वेगळं करणं, आणि नुसता सल्ला, यातलं एक चिठ्ठीने ठरवलं जायचं. अटकेत पुन्हा हिंसेचं प्रमाण सर्वात कमी आलं, आणि अनेक ठिकाणी धोरणं बदलली. नंतर इतर शहरांत तोच प्रयोग केला तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. काही ठिकाणी बेरोजगार पुरुषांत अटकेनंतर हिंसा वाढली. त्यामुळे अटक हा एकटा उपाय नाही, तिच्यासोबत सुटकेच्या तारखेची आगाऊ सूचना आणि तिचा आराखडा हवा.

एकत्र बसवणं: नियंत्रण आणि भीती असेल तर नको. खोलीत ती खरं बोलली तर घरी जाऊन किंमत मोजते, आणि नाही बोलली तर समेटाच्या कागदावर खोटं लिहिलं जातं. आधी दोघांना वेगवेगळं भेटा, भीतीचा प्रश्न विचारा, मग ठरवा. पुरुषांसाठीच्या सुधारणा-वर्गांचा परिणाम एकत्रित विश्लेषणांत छोटाच दिसतो. तो वर्गाला जातोय म्हणून तिने परत यावं, असं कुणीही सुचवू नये.

उलट बाजूला चांगलं सापडलेलंही आहे. क्रिस सलिव्हन आणि डेबोरा बायबी यांच्या १९९९च्या अभ्यासात आसरागृहातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसोबत १० आठवडे एक प्रशिक्षित सोबतीण होती. घर, नोकरी, कायदा, मुलांची शाळा, जे त्या बाईला आधी हवं ते. पुढच्या दोन वर्षांत अजिबात हिंसा न झालेल्या स्त्रियांचं प्रमाण तुलनेच्या गटाच्या दुपटीहून अधिक होतं. प्राधान्य तिने ठरवलं, हे मला यातलं मुख्य वाटतं. दक्षिण आफ्रिकेतला सूक्ष्मकर्ज आणि सत्रं एकत्र देणारा २००६चा प्रयोगही वाचण्यासारखा आहे, तिथे दोन वर्षांत जोडीदाराची हिंसा ५५ टक्क्यांनी कमी आढळली.

मोजमाप

मूल्यमापन करणाऱ्यांसाठी एक पुरवणी. मदतकेंद्र सुरू झालं की पहिल्या वर्षी नोंदलेल्या तक्रारी वाढतात. तो अपयशाचा आकडा धरू नका, बायका बोलू लागल्याचा धरा. मोजायचं असेल तर तिची भीती, तिचा झोपेचा आणि नैराश्याचा गुणांक, हाताशी आलेली मदत, आणि हिंसेची वारंवारता, एवढं सहा आणि बारा महिन्यांनी. ज्या बायका पाठपुराव्यात सापडत नाहीत त्या 'बऱ्या असतील' असं गृहीत धरू नका. पुन्हा संपर्क कसा करायचा हे पहिल्याच भेटीत ठरवा: कुठल्या क्रमांकावर, कुठल्या वेळी, दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं.

निरंजना

सगळ्यांचे आभार. मसुदा बदलला. नियंत्रणाचे सहा, मानसिक चार, शारीरिक सहा, लैंगिक तीन, भीतीचा एक. तीन आठवडे प्रशिक्षण, दिवसाला तीन मुलाखती, रोज संध्याकाळची बैठक. मुलाखत संपली की संमतीपत्राची एक प्रत आणि मदतवाहिनीच्या क्रमांकांचं पत्रक प्रत्येकीला देणार. यात काही राहिलं का?

अबोली_क्षेत्रकार्य

शेवटच्या दोन गोष्टी बदला. संमतीपत्राची प्रत घरी ठेवू नका, त्यात अभ्यासाचा विषय लिहिलेला असतो. तोंडी संमती घ्या, सही मुलाखत घेणारीची. पत्रक फक्त हिंसेचं नको. दहा-बारा सेवांची एक साधी यादी करा, लसीकरण, रक्तदाब, प्रसूती, डोळे, आणि मध्ये कुठेतरी स्त्रियांसाठीची मदतवाहिनी, ठळक न करता. ती सगळ्यांना द्या, 'हो' म्हटलेल्यांनाही आणि 'नाही' म्हटलेल्यांनाही, आणि आकार तळहातात मावेल एवढाच ठेवा. देताना विचारा, 'ही घरी नेणं चालेल का?' नको म्हणाली तर एकच क्रमांक पाठ करायला मदत करा.

आणि यादीतला प्रत्येक क्रमांक काम सुरू होण्याआधी स्वतः फिरवून बघा, रात्री दहा वाजता एकदा आणि सुट्टीच्या दिवशी एकदा. जो उचलला जात नाही तो यादीतून काढा.